चार मिलिमीटरची लक्ष्मणरेषा

इतिहास शिकवता शिकवता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. राजांच्या सनावळ्या मुलांच्या डोक्यात राहत नाहीत, तहांची कलमे तर मुळीच नाहीत. पण हत्यार बदलले की लढाई कशी बदलते हे सांगू लागले, की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा गडीसुद्धा मान वर करून ऐकू लागतो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला म्हणून मी अशाच एका हत्याराची हकिकत निवडली आहे. या लढाईत रक्ताचा थेंबही सांडला नाही. रणांगण होते नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद. हत्यार होते स्पंजचा एक तुकडा. आणि त्या हत्याराने पहिला मोठा विजय मिळवला तो आपल्या मुंबईत, १९५२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात.

टेबल टेनिस हा मूळचा विलायतेतला, दिवाणखान्यातला खेळ. राणी व्हिक्टोरियाच्या अखेरच्या काळात खाऊनपिऊन सुखी अशा घरांतली मंडळी जेवणे आटोपली की त्याच टेबलावर तो मांडीत. तेव्हाची बॅट म्हणजे लांब दांड्याच्या चौकटीवर ताणून बसवलेले चामडे. आपल्या शाहिराच्या डफाची धाकटी बहीणच म्हणा ना! १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला. त्या ताणलेल्या चामड्यावर तो आपटला की जो नाद उठे, त्यावरून लोक खेळालाच ‘पिंग-पाँग’ म्हणू लागले. पुढे लवकरच लाकडी फळीवर दाणेदार रबर चिकटवण्याची युक्ती निघाली. गूड नावाच्या एका इंग्रज खेळाडूला ती औषधाच्या दुकानात, पैसे ठेवायच्या रबरी चटईवरून सुचली अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, रबराचे ते बारीक दाणे चेंडूला थोडेसे पकडू लागले, त्याला फिरकी देऊ लागले, आणि दिवाणखान्यातली करमणूक हळूहळू खेळाच्या पंक्तीला जाऊन बसली.

१९२६ साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लंडनला पहिली जागतिक स्पर्धा भरली. तीत हिंदुस्थानचा संघही उतरला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यानंतरची पंचवीस वर्षे बॅट जवळजवळ जशीच्या तशी राहिली. लाकडी फळी आणि तिच्यावर पातळसे दाणेदार रबर, एवढाच सरंजाम. तेवढ्या सरंजामावर हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाने पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले. पण त्या बॅटीत बचाव करणाऱ्याचे पारडे फार जड असे. चेंडू परतवीत राहायचे, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत परतवीतच राहायचे, हा अनेकांचा मंत्र. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा फार्काश यांच्या सामन्यात पहिला गुण मिळायलाच दोन तासांहून अधिक वेळ लागला! कीर्तन बरे, निदान मध्ये अभंग तरी असतात. मग महासंघाने जाळी पाऊण इंचाने खाली आणली आणि सामन्याला वेळेची मर्यादा घातली. खेळ बिघडू लागला की नियमाने त्याला सावरायचे, हा धडा तेव्हाच गिरवला गेला होता. तो पुढे उपयोगी पडायचा होता.

आता मुंबईकडे येऊ. १९५२ चा आरंभ हा आपल्या देशाच्या दृष्टीने मोठा गजबजीचा काळ. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक तेव्हा चालू होती. जानेवारीच्या अखेरीस मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तो १ फेब्रुवारीला संपला आणि त्याच दिवशी टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा सुरू झाली. आशिया खंडात ही स्पर्धा भरण्याचा तो पहिलाच प्रसंग. हंगेरी, इंग्लंड, अमेरिका इथले नामांकित खेळाडू आले. आणि त्यांच्याबरोबर, जागतिक स्पर्धेत प्रथमच, आले जपानी.

त्या वेळच्या जपानची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९४५ साली त्या देशाने शरणागती पत्करली होती. दोन शहरांची राख झाली होती, आणि परक्या सैन्याचा अंमल अजून कायदेशीररीत्या उठलेला नव्हता. तो उठला १९५२ च्या एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे या स्पर्धेनंतर. जगाच्या पंगतीत ज्याला अजून पाट मांडलेला नाही अशा देशाची ही माणसे मुंबईला आली होती.

त्यांच्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला, अंगाने किरकोळ गृहस्थ होता. उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातला. त्याच्याकडे बघून कुणी त्याला पहिलवान म्हटले नसते. पण त्याची बॅट निराळी होती. लाकडावर नेहमीच्या दाणेदार रबराऐवजी जाड स्पंजचा थर. वर रबर नाही, दाणे नाहीत, नुसता स्पंज!

त्या बॅटीने काय केले ते समजण्यासाठी स्पंजची करामत थोडी उलगडून सांगतो. घट्ट फळीवर चेंडू आपटला की लगेच उसळतो. बॅट आणि चेंडू यांची भेट होते न होते तोच ताटातूट. तीच फळी गादीने मढवली, तर चेंडू आधी तिच्यात रुततो, गादी दबते, आणि दबलेली गादी उलटून चेंडूला भिरकावते. गादी जितकी जाड तितका तो खोल जातो, तितका अधिक काळ तिथे राहतो, आणि दुसऱ्याने मारलेला जोर तितका साठवून परत करतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने सगळी ताकद लावून तडाखा हाणावा आणि सातोने नुसती बॅट पुढे धरावी. त्याचाच जोर त्याच्या अंगावर परत! सावकाराचे घेतलेले कर्ज सावकाराच्याच पैशाने फेडावे, तसला हा प्रकार.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. जुन्या बॅटीला आवाज होता. टक-टक, टक-टक. तो आवाज नुसता कानाला गोड होता असे नाही. ती भाषा होती. चेंडू किती जोराने मारला, कापीव मारला की सरळ, हे मुरलेल्या खेळाडूला डोळ्यांच्या बरोबरीने कानांनी कळे. तबल्यावरची थाप ऐकून जाणता श्रोता बोल ओळखतो, तसेच ते. स्पंजने ही भाषाच बंद केली. सातोच्या बॅटीवरून चेंडू मांजराच्या पावलांनी येई. आला केव्हा, कसा, किती वेगाने, हे समजेपर्यंत तो टेबलाबाहेर गेलेला असे.

अमेरिकेचा मार्टी राइझमन त्या वेळी बावीस वर्षांचा होता. लांब हातांचा, देखणा, जबर तडाखे मारणारा, आणि यंदा आपणच जगज्जेते होणार अशा हिमतीने मुंबईला आलेला. सातोने त्याला हरवले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोच्यानला हरवून सातो जगज्जेता झाला. पुरुषांची दुहेरी जपानने घेतली, स्त्रियांची दुहेरी घेतली, स्त्रियांचा सांघिक करंडकही घेतला. पहिल्याच खेपेला आलेला पाहुणा घरातली अर्धीअधिक भांडी घेऊन गेला!

आणि मग वाद पेटला. हा विजय माणसाचा की स्पंजचा? तो खेळ की लबाडी?

लबाडी म्हणणे सोपे होते, पण ते टिकणारे नव्हते. बॅट कशाची असावी, केवढ्या जाडीची असावी, याविषयी तेव्हा नियमात बंधन नव्हते. सातोने कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकली नव्हती; बॅट सर्वांसमोर होती. शिवाय गूडने चामड्याच्या जागी रबर आणले तेव्हा कुणी त्याला लबाड म्हटले नव्हते. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही उडवून लावण्यासारखे नव्हते. आज एका बोटाची जाडी असेल तर उद्या दोन बोटांची होईल, परवा तीन. मग माणसे खेळणार की गाद्या खेळणार? वर्षानुवर्षे घोटून मिळवलेले कसब एका तुकड्यापुढे कवडीमोल ठरावे काय? माझ्या मते या दोन्ही पक्षांकडे निम्मे निम्मे सत्य होते. वाद खऱ्या अर्थाने अवघड होतो तो अशाच वेळी.

काळाने पहिला निवाडा दिला तो असा. १९५३ सालच्या बुखारेस्टच्या स्पर्धेला जपानी गेले नाहीत. तिथे हंगेरीचा फेरेन्त्स शीदो जुन्याच दाणेदार बॅटीने जगज्जेता झाला. स्पंजची साथ ओसरली असे अनेकांना वाटले असेल. पण १९५४ साली जपानी लंडनला उतरले, आणि त्यांच्यात इचिरो ओगिमुरा नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या प्रवासाचा खर्च लोकांकडून वर्गणी गोळा करून उभारला होता. वर्गणी म्हणजे काय आणि ती मागताना पायांचे काय होते, हे गणेशोत्सवाच्या आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको. या पोराने व्यायाम, धावणे आणि सराव यांचा असा काही ध्यास घेतला होता की खेळ म्हणजे जणू व्रत. हातात स्पंजची बॅट होती खरी, पण तिच्यामागे पायही होते आणि डोकेही. तो जगज्जेता झाला; १९५६ साली पुन्हा झाला. १९५५ आणि १९५७ ही वर्षे त्याच्याच देशाच्या तोशिआकी तानाकाची.

सातो मात्र पुन्हा जगज्जेता झाला नाही. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. नवे हत्यार पहिल्याने ज्याच्या हाती येते त्याला ते एक लढाई जिंकून देते. पुढे ते सर्वांच्या हाती जाते, आणि मग लढाई पुन्हा माणसांचीच होते.

तरी जाडीचा प्रश्न उरलाच होता. स्पंजच्या बॅटी आता नाना जाडीच्या, नाना जातीच्या निघू लागल्या. नुसता स्पंज, स्पंजवर दाणे बाहेर ठेवून लावलेले रबर, स्पंजवर दाणे आत करून गुळगुळीत बाजू वर ठेवलेले रबर. कुणी म्हणे सरसकट बंदी घाला, कुणी म्हणे मोकळे सोडा. महासंघाचे अध्यक्ष होते आयव्हर माँटेग्यू. हा गृहस्थ मोठा विलक्षण. सरदार घराण्यातला साम्यवादी, व्यवसायाने चित्रपटवाला, आणि १९२६ पासून १९६७ पर्यंत या महासंघाचा धुरीण. त्याच्या कारकिर्दीत, १९५९ साली, अखेर निकाल लागला.

निकाल असा: बॅटीची फळी लाकडाची असावी. तिच्यावर दाणे बाहेर असलेले साधे रबर लावायचे तर ते चिकटवणीसकट २ मिलिमीटरपेक्षा जाड नसावे. स्पंजवर रबर लावायचे तर दोन्ही मिळून, चिकटवणीसकट, जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि त्यातही वरचे रबर २ मिलिमीटरच्या आतच असावे. वर रबर नसलेला नुसता स्पंज, म्हणजे सातोची बॅट, बंद.

चार मिलिमीटर म्हणजे केवढे? इंचाच्या सहाव्या हिश्श्याहूनही किंचित कमी. पुरणपोळी त्याहून जाड असते. पण ही बारीकशी रेघ मला मोठ्या शहाणपणाची वाटते. तिने स्पंजला गावाबाहेर हाकलले नाही, आणि त्याला गावचा पाटीलही केले नाही. घरात घेतले, पण उंबरठा आखून दिला. त्या उंबरठ्याच्या आत मग माणसाची बुद्धी फुलली. दाणे आत घातलेल्या गुळगुळीत रबराने जपान्यांनी चेंडूला अशी जबरदस्त पुढची फिरकी दिली की तो टेबलावर पडताच सापासारखा उसळे. चीनच्या च्वांग त्सतुंगने दाणे बाहेर असलेल्या रबराखाली स्पंज घालून, टेबलाला चिकटून झपाट्याने खेळत १९६१, १९६३ आणि १९६५ अशी लागोपाठ तीन जगज्जेतेपदे घेतली. बंदी घातली असती तर यांतले काहीच झाले नसते. आणि मोकळे सोडले असते तर सगळेच एका साच्याचे झाले असते.

त्यानंतर या खेळात पुष्कळ काही बदलले. १९८६ पासून बॅटीची एक बाजू लाल आणि दुसरी काळी असणे सक्तीचे झाले, कारण दोन बाजूंना दोन गुणांची रबरे लावून बॅट गुपचूप फिरवायची हुशारी फार बोकाळली होती. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० मिलिमीटरचा झाला, २००१ साली डाव २१ ऐवजी ११ गुणांचा झाला, २०१४ साली सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आले. २०२१ पासून लालऐवजी हिरवा, निळा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालू लागले. एक बाजू काळी मात्र हवीच. स्पंज फुगवून ताणणारी एक उग्र वासाची चिकटवण कित्येक वर्षे जोरात होती. प्रकृतीला अपायकारक म्हणून २००८ साली ती बंद झाली. एवढी उलथापालथ झाली, पण १९५९ ची चार मिलिमीटरची रेघ आजही जागच्या जागी आहे. मोठ्या स्पर्धांत बॅटी उपकरणाने मोजतात, आणि रेघ ओलांडणारी बॅट बाजूला ठेवतात.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक जुने टेबल आहे. मधल्या सुट्टीत तिथे जी खडाजंगी चालते ती बहुतेक याच विषयावर. वरचे रबरच जवळजवळ दोन मिलिमीटर जागा खाते, म्हणून स्पंजच्या वाट्याला फार तर दोन-सव्वादोन मिलिमीटर येतात. तेवढ्या चिंचोळ्या जागेतही १.०, १.५, १.८, २.०, २.१ असे थर विकायला असतात, आणि मुलांना एकच ठाऊक असते: जाड म्हणजे जोरदार! “सर, दोन पॉइंट एकच घ्यायचा ना?” असे विचारणाऱ्याला मी सांगतो, की बाबा रे, हलक्या हाताने खेळलास तर पातळ आणि जाड यांत फारसे अंतर नाही. खरा फरक पडतो तो जोराने मारताना. पातळ स्पंजमध्ये चेंडू तळाला, लाकडापर्यंत पोचतो, आणि फळी त्याला म्हणते, बस, यापुढे नाही. जाड स्पंजमध्ये तळ लवकर लागत नाही. म्हणून तो तुझा वेग वाढवतो, फिरकी वाढवतो, पण तुझी चूकही तितक्याच उदारपणे वाढवतो. मनगट दोन अंशांनी चुकले तर पातळ स्पंज चेंडू टेबलाच्या काठावर टाकील, जाड स्पंज भिंतीवर. शिवाय समोरच्याने दिलेली फिरकीही जाड स्पंजच्या बॅटीला अधिक झोंबते. म्हणून शिकाऊ मुलाने दीड ते पावणेदोनपासून आरंभ करावा. हात बसला, पाय हलू लागले, की मग दोनच्या पुढे जावे. आणि मागे राहून कापीव फटक्यांनी बचाव करणारे मुरब्बी खेळाडू तर जन्मभर दीड मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ स्पंज वापरतात. त्यांना जोर नको असतो, ताबा हवा असतो.

जाडीच्या मोहाला उत्तर द्यायचे तर आपल्याच देशातली दोन उदाहरणे आहेत. मनिका बत्राने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, ते बॅटीच्या एका बाजूला लांब दाण्यांचे रबर लावून. हे रबर चेंडूला पुढे ढकलत नाही. उलट समोरच्याचीच फिरकी त्याला परत करून बुचकळ्यात टाकते. आणि २०२४ साली बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीने चीनच्या अव्वल मानांकित सुन यिंगशाला हरवले. तिच्या एका बाजूचे रबर फिरकीला दादच देत नाही. सगळे जग वेगामागे धावत असताना या मुलींनी वेग मारणाऱ्या रबराने नाव काढले. चार मिलिमीटरच्या आत किती वाटा आहेत पाहा!

जाता जाता मुंबईत हरलेल्या राइझमनविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण इतिहास जिंकणाऱ्यांचा तसा हरणाऱ्यांचाही असतो. या माणसाने स्पंजशी कधी मनापासून तह केला नाही. जुनी दाणेदार बॅट घेऊन तो पुढची साठ वर्षे, २०१२ साली मरेपर्यंत, तिचीच बाजू मांडत राहिला. १९९७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जुन्या बॅटीच्या खेळाचे अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने जिंकले. त्याचा हट्ट वेडेपणाचा होता असे मी म्हणणार नाही. स्पंजने खेळाला वेग दिला, फिरकी दिली, नवे देश दिले. पण दोन माणसांमधले ते टक-टक संभाषण घेतले, ते परत दिले नाही. प्रत्येक सुधारणेच्या जमाखर्चात अशी एक रक्कम खर्चाच्या बाजूला पडतेच. ती लिहून ठेवणारा कुणीतरी असावा लागतो. राइझमनने ते काम केले.

आणि सातो? २००० साली तो वारला. त्याची बॅट नियमाने बाद केली, पण त्याचे नाव बाद केले नाही. १९५२ च्या रकान्यात ते जसेच्या तसे आहे. मला यातला न्याय आवडतो. नियम पुढच्यासाठी केला, मागच्याला चोर ठरवण्यासाठी नव्हे. मोडलेल्या, भुकेल्या देशातून आलेल्या एका चष्मेवाल्या माणसाने मुंबईत जे मिळवले ते त्याचेच राहिले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी बॅटीचा हट्ट धरलाच, तर दुकानदाराला स्पंजची जाडी जरूर विचारा. दीड मिलिमीटरची घेतलीत तर बरेच. आणि पोरगे कुरकुरले, तर त्याला सातोची आणि ओगिमुराची गोष्ट सांगा. गोष्ट संपेपर्यंत चकलीची बशी संपेल, आणि बहुधा कुरकुरही.